पलीकडचा टॉवर

शेरिलचा फोन झ्युरिकच्या विमानतळावरून आला तेव्हा ओत्तिलिया लाम्पर्ट मक्याच्या रव्याचा रिबेल परतत होती. रिबेल सोडून फोनला गेलं की तो बुडाशी लागतो, म्हणून तिने रिसीव्हर मानेत धरला आणि उलथनं चालूच ठेवलं.

"मावशी, मी सिम कार्डाच्या दुकानात उभी आहे," शेरिल म्हणाली. "हा माणूस म्हणतो, हे कार्ड सगळ्या स्वित्झर्लंडभर चालतं. तुमच्याकडे चालेल ना?"

"न चालायला काय झालं?"

"नाही, देश वेगळा ना तुमचा."

"देश वेगळा असेल नकाशात," ओत्तिलिया म्हणाली. "फ्रँक तेच. दातांचा डॉक्टर माझा पलीकडे बुक्सला. इतकी वर्षं पूल ओलांडते, आजवर कुणी माझ्या पिशवीत डोकावलं नाही. तुझ्या फोनला कोण अडवतंय? घे आणि नीघ, गाडी चुकेल."

ट्रीसेनबर्ग गावातल्या कुठल्याही माणसाने हेच उत्तर दिलं असतं. ऱ्हाईन नदी आहे, तिच्यावर पूल आहे, पलीकडे जरा जास्त लोक राहतात, एवढंच. लिख्टेनस्टाइन म्हणजे परदेश, हे परदेशातून आलेल्यांनाच तेवढं लक्षात राहतं.

शेरिल ही ओत्तिलियाच्या थोरल्या बहिणीची, रोझालियाची मुलगी. कॅनडात जन्मली, तिकडेच वाढली, आता साठीला टेकली होती, पण तोंड उघडलं की ओत्तिलियाला आपली आईच बोलतेय असं वाटायचं. रोझालिया तरुणपणी गाव सोडून गेली ती इथली डोंगरी बोली जशीच्या तशी बरोबर घेऊन गेली आणि पहिल्या लेकीला तिने ती शिकवली. इकडे गावातली बोली बदलत गेली, पोरं टीव्हीवरचं जर्मन बोलायला लागली, जुने शब्द कुणी वापरेनासं झालं. शेरिलच्या तोंडी मात्र ते शाबूत होते. धाकट्या डगच्या वेळेपर्यंत रोझालियाला त्याचा कंटाळा आला असावा. डगला त्यातलं अक्षर येत नव्हतं.

आणि आता रोझालिया अंथरुणाला खिळली होती. हृदय दमलं होतं. डॉक्टरांनी ऑगस्टातच सांगितलं होतं की आता फार ओढायचं नाही. शेरिलने तिकीट रद्द करायचं म्हटलं तर तिनेच नको म्हटलं.

"तू जा," ती म्हणाली, "आणि मला गुरं उतरताना दाखव."

सप्टेंबरात गुरं आल्पवरून खाली येतात. उन्हाळाभर वरच्या कुरणांत चरलेला कळप घंटा वाजवत गावातून जातो. ज्या गाईने सगळ्यांत जास्त दूध दिलं ती पुढे असते, तिच्या कपाळावर कागदी फुलांनी सजवलेला, पत्त्यातल्यासारखा मोठा लाकडी बदाम असतो. गाव सोडल्यावर रोझालिया दोनदाच परत आली होती. दोन्ही वेळा ऐन हिवाळ्यात, दोन्ही वेळा काळे कपडे घालून, एकदा बाबांच्या वेळी आणि एकदा आईच्या. गुरं उतरताना तिने पुन्हा कधी पाहिली नव्हती. ओत्तिलिया दरवर्षी फोटो पाठवायची.

"मागाहून पाठवलेलं नको आता," रोझालिया फोनवर म्हणाली होती. तिचा श्वास मधेमधे अडकायचा. "मागाहूनचं पुष्कळ बघितलं. ती येत असताना बघायचीत मला. ती तिथे चालत असली पाहिजेत आणि मी इथे बघत असले पाहिजे. जमेल का तुझ्याच्याने?"

"त्यात काय न जमायचं?" ओत्तिलिया म्हणाली. "आता सगळे तसंच करतात."

त्यात आणखी एक गोष्ट होती. ओत्तिलियाचा मुलगा नोर्बेर्ट कारखान्यात नोकरी करून थोड्या गाई सांभाळायचा. यंदा पहिल्यांदाच त्याची गाय पुढे चालणार होती, आणि तिच्या गळ्यात बाबांची मोठी घंटा असणार होती. गाई येतात, जातात, पण घंटा घरातच राहते. ती घंटा रोझालियाने लहानपणी राखेने घासली होती. तिचा आवाज तिला पाठ होता. जरासा बसका, जोरात घासून येणारा, दाराआडून हाक मारल्यासारखा. हे तिला कळवलं तेव्हा ती म्हणाली होती, "तोपर्यंत मी थांबते."

शेरिल संध्याकाळी पोचली. गावाच्या खालच्या अंगाला ओत्तिलियाचं घर. नोर्बेर्टने तिथे वायफाय बसवून दिलं होतं, त्यामुळे आल्या आल्या डगशी बोलणं झालं. त्याच्या मागे पलंगावर रोझालिया झोपलेली दिसली, नाकाला नळी लावलेली. डग म्हणाला, सकाळचा वेळ तिचा बरा जातो, मग औषधाने गुंगी येते. इकडे गुरं दुपारी उतरतात तेव्हा तिकडे सकाळच असते. सगळं नीट जुळत होतं. ओत्तिलियाने पिठाच्या गोळ्यांचे, चीज घातलेले क्न्योफ्ले केले, वर तळलेला कांदा घातला, शेजारी सफरचंदाचा गर ठेवला. शेरिल म्हणाली, आईच्या हातचे असेच लागायचे. फोन चालतोय ना, हे दोघींपैकी कुणी विचारलं नाही. तो चालतच तर होता.

दुसऱ्या दिवशी त्या वरच्या वळणावर जाऊन उभ्या राहिल्या. आल्पकडच्या बोगद्यातून येणारा रस्ता तिथे गावात शिरतो. पूर्वी त्या वळणावर गावातली म्हातारी माणसं नि पोरंच असायची. आता खालून बसेस भरून लोक येतात. ओत्तिलियाने अशी गर्दी मागच्या वर्षीही पाहिली होती, पण तेव्हा तिला गर्दीशी काही देणंघेणं नव्हतं.

"जागा धरून ठेवलीय तुझ्यासाठी," मागून आवाज आला. गेबहार्ट शेडलर. जन्मभर पोस्टाची बस चालवली, आता दिवसभर बाकावर बसून बसेस चुकीच्या चालतात असं सांगतो. शाळेत तो ओत्तिलियाच्या मागच्या बाकावर बसायचा. "गायमालकांच्या मातोश्री, या. पुढे या. आज आम्ही तुमच्या पायाशी."

"तुझं तोंड अजून चालतंय हे बरं आहे," ओत्तिलिया म्हणाली. "ही शेरिल. रोझालियाची."

गेबहार्टने टोपी काढली. रोझालियासाठी एके काळी तो बाजा वाजवायला शिकला होता, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

शेरिलने फोन काढला. बोटाने दाबला, पुन्हा दाबला, वर धरला, चष्मा कपाळावर चढवून जवळून पाहिला.

"रेंज तर पूर्ण दाखवतोय," ती म्हणाली. "नेट नाही."

"बघू," गेबहार्ट म्हणाला. त्याने फोन हातात घेतला आणि वरच्या कोपऱ्यातली बारीक अक्षरं वाचली. "हे कार्ड कुठलं?"

"विमानतळावरचं. स्वित्झर्लंडचं."

"मग ते इथे कसं चालेल? हा काय स्वित्झर्लंड आहे?"

ओत्तिलिया रस्त्याकडे बघत होती. "मीच सांगितलं तिला," ती म्हणाली. "म्हटलं, एकच आहे सगळं."

"आहेच एकच," गेबहार्ट म्हणाला. "माणसांना एकच आहे. फोनवाल्यांना नाही. त्यांची नदी अजून जागच्या जागी आहे."

त्याने स्वतःचा फोन काढला. त्याचं कार्ड इथलंच. हॉटस्पॉट कसा सुरू करायचा ते नातवाने कागदावर लिहून दिलं होतं, तो कागद पाकिटात सापडला. शेरिलचा फोन त्याला जोडला. कॅनडाला रिंग गेली. बराच वेळ गेली. मग एकदम डगचं कपाळ दिसलं, आणि फोन वळला तशी रोझालिया. उशांना टेकून बसवलेली, केस विंचरलेले, गळ्याशी गुलाबी जाकीट. ती तयार होऊन बसली होती.

ओत्तिलियाने तोंड उघडलं आणि चित्र थांबलं. रोझालियाचे डोळे अर्धे मिटलेले राहिले. पडद्याच्या मध्यभागी एक चक्र फिरायला लागलं.

"काय झालं?"

"अडकलं," शेरिल म्हणाली.

पुन्हा लावला. रिंगच जाईना. गेबहार्टने मान वर करून गर्दीकडे पाहिलं. जिथवर नजर जात होती तिथवर हात वर होते आणि प्रत्येक हातात फोन होता. एक बाई मोकळा रस्ताच कुणाला तरी दाखवत होती. "गाय यायची आहे अजून," ती फोनला सांगत होती, "आता येईल."

"सगळी दरी वर येऊन बसलीय आणि टॉवर एकच," गेबहार्ट म्हणाला. "बोगद्यात एकदम पन्नास गाड्या घातल्यावर काय होणार?"

ओत्तिलियाने पिशवीतून स्वतःचा फोन काढला. बटणांचा, जुना. त्यावर रोझालियाचा नंबर नोर्बेर्टने एका बटणावर ठेवून दिला होता. चित्र नाही तर नाही, आवाज तरी जाईल. तिने बटण दाबून धरलं. नुसतं टूं टूं टूं. परत दाबलं, परत तेच.

पूर्वी कॅनडाचा फोन चौकातल्या खानावळीत यायचा. खानावळवाली बाई पोराला पिटाळायची, पोरगा उतारावर ओरडत यायचा, "लाम्पर्टीण, कॅनडा", आणि ओत्तिलिया हातातलं टाकून धावत सुटायची. पोचेपर्यंत निम्मा वेळ सरलेला असायचा. खानावळीत बसलेले सगळे पत्ते खाली ठेवून ऐकत बसायचे. पण रोझालिया बोलली की ती बोलायची. समुद्राखालच्या तारेतून तिचा आवाज अखंड यायचा, तिला सर्दी झाली असेल तरी कळायचं. एकदा तर दोघी नुसत्या रडल्या होत्या आणि खानावळवालीने घड्याळाकडे बोट केलं होतं. तेवढंही आज होत नव्हतं.

वरून बोगद्याच्या बाजूने घंटांचा आवाज यायला लागला. लांबून तो नेहमी पाण्यासारखा वाटतो, जवळ आला की मग त्यातली एकेक घंटा सुटी होते. गर्दी पुढे सरकली.

"आल्या," गेबहार्ट म्हणाला. मग त्याने ओत्तिलियाचा दंड धरला. "बेकच्या कोठारामागचा बांध."

"त्याचं काय?"

"तिथे आपले फोन पळतात ना. नदीपलीकडे. माझ्या बायकोने तिथे कपडे वाळत घालता घालता बहिणीशी गप्पा मारल्या, आणि बिल आलं ते बाई स्वित्झर्लंडात राहून आल्यासारखं. तेव्हापासून मी तिथे गेलो की फोन बंदच करून ठेवतो."

ओत्तिलियाला ते ठाऊक होतं, सगळ्या गावाला ठाऊक होतं. बेकचं गवताचं कोठार उताराच्या कडेला आहे, त्याच्या मागे दगडी बांध, आणि बांधापलीकडे डोंगर एकदम खाली पडतो. समोर सगळी दरी, नदी आणि पलीकडचे स्विस डोंगर. कोठार मधे आल्यामुळे गावचा टॉवर तिथे पोचत नाही, पलीकडचा पोचतो. लोक त्या जागेला शिव्या देत.

"आपले पळतात," गेबहार्ट म्हणाला. "तिचा पळणार नाही. तिचा तिथे घरी जाईल."

शेरिलला कळायला एक क्षण लागला. "तिथून गुरं दिसतात?"

"नाही," ओत्तिलिया म्हणाली. "रस्ता कोठाराच्या वरून जातो. फक्त ऐकू येतात."

वळणाच्या वरच्या टोकाला पहिला गुराखी दिसला. फुलांची टोपी, हातात काठी. त्याच्या मागे गाईचं डोकं, आणि त्यावर लाल, पांढरा, सोनेरी बदाम.

"अगं, तुझी गाय पुढे आहे यंदा," गेबहार्ट म्हणाला. तो अर्धवट आपल्यालाच सांगत होता. "नोर्बेर्ट तुला शोधेल."

ओत्तिलिया वळली होती. कोठाराकडे जाणारी पायवाट उभी आहे, पावसाने दगड वर आलेले. तिचे गुडघे उतरताना जास्त दुखतात. शेरिलने हात दिला तो तिने धरला, आणि दोघी गर्दीच्या उलट दिशेने, माणसांच्या कोपरांखालून, खाली निघाल्या. एकाने विचारलं, "आजी, चुकलात का? गुरं तिकडे." ओत्तिलिया उतरत राहिली.

कोठारामागे गार होतं. गवताचा वास, बांधावर शेवाळ. शेरिलने फोन पुढे धरला. काही नाही. बांधाला पोट टेकून हात लांब केला, आणि वरच्या कोपऱ्यातली अक्षरं बदलली.

"आलं," ती म्हणाली.

रिंग एकदाच गेली.

"कुठे होतीस?" रोझालिया म्हणाली. आवाज बारीक, पण तिचाच. "डग म्हणतो नेट गेलं. मी म्हटलं, ओत्तिलियाने भलतंच बटण दाबलं असेल."

"मी कशालाही हात लावलेला नाही."

"म्हातारी दिसतेस."

"तू आरशात बघतेस का अधूनमधून?"

रोझालिया हसायला गेली आणि खोकली. डगचा हात आला, नळी नीट करून गेला. "दाखव," ती म्हणाली.

ओत्तिलियाने शेरिलच्या हातासकट फोन वर वळवला. कोठाराची काळी फळकुटं, त्यावर चढलेलं गवत, आणि वर आभाळ.

"हे काय? बेकच्या कोठाराची पाठ दाखवतेस?"

"ओळखलंस?"

"न ओळखायला काय, तिथेच तर तो गेबहार्ट मला बाजा ऐकवायचा. गुरं कुठायत?"

"वर रस्त्यावर. इथून दिसत नाहीत, रोझा. तिथून फोन लागत नाही. ऐक पण. ऐकू येतंय ना? आल्या बघ."

कळप आता वळणावर आला होता. आवाज कोठाराच्या छपरावरून खाली सांडत होता, इतका की ओत्तिलियाला मोठ्याने बोलावं लागत होतं. सगळ्यांच्या पुढे बाबांची घंटा, बसकी, घासून येणारी. सकाळी नोर्बेर्ट ती वर न्यायला निघाला तेव्हाही ओत्तिलियाने ती ऐकली होती, पण अशी लांबून नाही. तिने फोन डोक्याच्या वर धरला.

"बाबांची," ती म्हणाली. "ऐकलीस? हीच. पुढे आहे."

"कुठली?" रोझालिया म्हणाली.

"अगं, ही. आत्ता वाजतेय ती."

"काही वाजत नाही."

ओत्तिलियाने शेरिलकडे पाहिलं. शेरिलने फोन खाली घेऊन कानाशी धरला, मग तोंडाशी. "आई, घंटा ऐकू येत नाहीत तुला?"

"तुझं ऐकू येतंय. ओत्तिलियाचं ऐकू येतंय. मागे काही नाही. कुजबुजल्यासारखं कधी येतं, परत जातं."

शेरिलचा चेहरा उतरला. "फोन काढून टाकतोय," ती हळू आवाजात म्हणाली. "तो माणसाचं बोलणं तेवढं ठेवतो. बाकीचा गोंगाट आपोआप पुसतो. बोलणं नीट ऐकू यावं म्हणून."

"गोंगाट?" ओत्तिलिया म्हणाली.

"त्याला तसंच वाटतं. बंद करता येतं ते. कुठेतरी असतं."

ती शोधायला लागली. पडद्यावर एक पान उघडलं, त्यातून दुसरं. वर घंटा चालल्या होत्या. कळप कुणासाठी थांबत नाही, गुराख्यांना तो अंधाराच्या आत खालच्या गावांत पोचवायचा असतो. ओत्तिलियाने फोनजवळ तोंड नेलं.

"मी सांगते तुला," ती म्हणाली. "रोझा, मी सांगते, तू ऐक. बाबांची पुढे गेली. आता ती लोखंडी, नोर्बेर्टच्या दुसऱ्या गाईची, टणटण करणारी, तुला आवडायची नाही ती. तिच्यामागे कुणाची तरी बारीक, एकदम दोन आहेत. आता बाबांची पुन्हा, वळणावर डोकं हलवलं असेल तिने."

"हळू सांग," रोझालिया म्हणाली.

"हळू कशी सांगू, त्या चालल्यायत."

"तरी हळू सांग. मला बघायला वेळ दे."

ओत्तिलियाने श्वास घेतला. "बाबांची शाळेपाशी पोचली असेल," ती म्हणाली. "पोरांनी हात लावला असेल बदामाला."

"आपण लावायचो."

"आपण लावायचो. तू फूल काढून घेतलंस आणि आईने—"

"सापडलं," शेरिल म्हणाली. नीट दिसावं म्हणून ती जराशी उजेडाकडे सरकली. तिथे बांध संपतो आणि कोठाराचा आडोसाही. वरच्या कोपऱ्यातली अक्षरं बदलली. गावच्या टॉवरने फोन धरला होता. रोझालिया भुवया वर करून, ओठ पुढे काढून थांबली होती, काहीतरी सुरू करायच्या बेतात. मग तीही गेली.

शेरिल मागे सरकली. बांधाला टेकली. हात लांब केला. अक्षरं तीच राहिली. फोन बंद करून चालू केला, तो चालू व्हायला जन्म गेल्यासारखं वाटलं, आणि चालू झाला तोही गावच्याच टॉवरला धरून. काल संध्याकाळपासून तो ज्याला धरून होता ते आता सोडायला तयार नव्हता. ओत्तिलिया बांधावर दोन्ही हात ठेवून उभी होती. खाली नदी, नदीपलीकडे गावं, तिथल्या रस्त्यांवरून गाड्या जाताना दिसत होत्या. तिथे नुसतं उभं राहिलं असतं तरी चाललं असतं.

घंटा चौकापाशी गेल्या, तिथे टाळ्या झाल्या. मग खालच्या वळणाला लागल्या. मग परत पाण्यासारख्या झाल्या.

"मावशी," शेरिल म्हणाली, "मी सरकायला नको होतं."

"चल घरी," ओत्तिलिया म्हणाली. "घरी लागेल."

घरी लागलाच. वायफाय लागताच गेबहार्टने काढलेला व्हिडिओ शेरिलच्या फोनवर येऊन पडला. गर्दी पांगल्यावर त्याचा फोन चालू झाला होता. शेरिलने तो स्वयंपाकघराच्या टेबलावर लावला. छान आला होता. बदाम जवळून दिसत होता, नोर्बेर्ट इकडे तिकडे मान वळवून कुणाला तरी शोधत होता, आणि बाबांची घंटा स्पष्ट, जशी होती तशी, एकही ठोका न गाळता वाजत होती.

"हा दाखवू आईला," शेरिल म्हणाली. "मागाहूनचा असला तरी."

डगने फोन घेतला तो स्वयंपाकघरातून. मागे केटलीचा आवाज येत होता. त्याचे डोळे लाल होते.

"झोपलीय," तो म्हणाला. तो इंग्रजीत बोलत होता आणि शेरिल प्रत्येक वाक्य थांबून थांबून सांगत होती. "श्वास घ्यायला फार त्रास व्हायला लागला. नर्सने औषध वाढवलं. म्हणाली, आता बहुतेक झोपूनच असेल. उठली तरी ओळखेल असं नाही."

शेरिलने टेबलाची कड धरली.

"फोन गेला तेव्हा काय झालं, विचार," ओत्तिलिया म्हणाली.

शेरिलने विचारलं.

"तिला कळलंच नाही," डग म्हणाला. "पडद्यावर मावशीचं चित्र तसंच थांबून राहिलं होतं. तिला वाटलं, ती ऐकतेय. ती बोलत राहिली. बराच वेळ बोलत होती. मी सांगितलं नाही तिला."

"काय बोलत होती?"

"तुमच्या भाषेत होतं सगळं."

"एखादा शब्द," ओत्तिलिया म्हणाली. "एखादा तरी शब्द आठवतो का, विचार त्याला. कसाही म्हण म्हणावं, मी लावून घेईन."

डगने डोळे मिटले. ओठ हलवून पाहिले. एक आवाज काढला, तो कशासारखाच नव्हता, त्यालाही ते कळलं असावं, कारण तो मधेच थांबला. "नाही," तो म्हणाला. "मला ते सगळं एकसारखंच वाटतं. मी कधी शिकलो नाही."

ओत्तिलियाने खुर्ची फोनच्या आणखी जवळ ओढली. "रागाने बोलत होती का?"

"नाही. एकदा हसली."

"कशाला हसली?"

शेरिलने ते विचारलंच नाही, नुसती मान हलवली. ओत्तिलिया तिच्याकडे बघत राहिली, मग पडद्यातल्या डगकडे, त्याच्या चेहऱ्यात बहिणीचं काही सापडतं का ते शोधत असल्यासारखी. बाहेर कुणीतरी अंगणाचं फाटक उघडलं. नोर्बेर्ट असणार. घंटा सोडून आणली असणार.

"एकदाच हसली?" ती म्हणाली. "विचार. एकदाच का?"

शेरिलने विचारलं. डगच्या मागे केटली उकळून बंद झाली.

"मी मध्ये नर्सला बोलवायला गेलो होतो," तो म्हणाला. "तेवढ्या वेळातलं मला सांगता येणार नाही."